उजेडाला काजळीचे कवच

आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे मोबाईलचा एक मनोरा उभा आहे. उचगावात असे मनोरे आता कोणाला नवे राहिलेले नाहीत. कोल्हापूर शहराला पूर्वेच्या अंगाने खेटून असलेले हे गाव. एकीकडून पुणे-बंगळूर महामार्ग जातो, दुसरीकडून मिरजेला जाणारी आगगाडी. उसाचे फड मागे सरत गेले, घरे पुढे येत गेली, आणि घरांच्या डोक्यावर हे लोखंडी सांगाडे उभे राहिले. मुले त्यांच्याकडे मान वर करूनही पाहत नाहीत.

पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत मनोऱ्यावर काम चालले होते. एका मोठ्या लाकडी रिळावरून करंगळीएवढी काळी केबल सुटत होती आणि दोरीच्या आधाराने हळूहळू वर चढत होती. मुले कुंपणाला चिकटून उभी होती. त्यांतल्या सातवीच्या एका पोराने मला विचारले, "गुरुजी, ह्या केबलीतनं उजेड जातोय म्हणं. मग ती काळी का ओ?"

प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर मला येत होते. ते मला ज्या किमतीला मिळाले ती मात्र घंटेच्या आधी दोन मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती. "सांगेन कधीतरी," असे म्हणून मी वेळ मारून नेली. दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा त्या पोराचे देणे आठवले. वाचकहो, ते आज फेडतो आहे.

निरोप पोचवणे ही माणसाची फार जुनी गरज. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, ते नानासाहेब पेशव्यांच्या कानी भेलशाजवळ पडले तेव्हा सुमारे दहा दिवस उलटून गेले होते. स्वतःच्या मुलाच्या आणि चुलतभावाच्या मरणाची वार्ता, आणि तिला दहा दिवस! त्या काळी निरोप माणसाच्या पायांनी आणि घोड्याच्या टापांनी चाले. जासूद दमला की निरोप दमे, नदीला पूर आला की निरोप अलीकडच्या तीरावर बसून राही.

तारायंत्र आले आणि ही स्थिती पालटली. हिंदुस्थानात ह्या कामाचा पाया घातला तो विल्यम ओशॉनेसी नावाच्या एका डॉक्टराने. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकवी. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. आणि १८५५ सालापर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे सुमारे चार हजार मैलांच्या तारेने जोडली गेली.

ओशॉनेसीपुढचा प्रश्न आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. युरोपात बारीक तार वापरीत. ती ह्या देशात टिकेना. इथे वादळवारा मोठा, तारेवर घारी आणि कावळे थव्याने बसणार, वानरे लोंबकळणार, बांबूचे खांब वाळवी खाणार. विलायतेचे पुस्तक बाजूला ठेवून त्याने बोटाएवढी जाड लोखंडी सळईच तार म्हणून वापरली. वीज वाहून नेण्यासाठी एवढ्या जाडीची गरज नव्हती. ती जाडी होती वानरांसाठी आणि वाऱ्यासाठी! आत काय वाहते ह्याच्याइतकाच बाहेर काय घडते ह्याचा विचार ह्या गृहस्थाने केला, म्हणून त्याची तार चालली.

आमच्याकडे १८९१ साली मिरज ते कोल्हापूर ही आगगाडी सुरू झाली. गाडीबरोबर रुळांच्या कडेने तारेचे खांबही आले. पुढे घरोघरी 'तार आली' ह्या दोन शब्दांचा केवढा धाक बसला, हे आमच्या पिढीने थोरांच्या तोंडून ऐकले आहे. तार उघडण्याआधीच बायका रडू लागत. कारण आनंदाची बातमी पोस्टकार्डाने येई, तार यायची ती बहुधा मरणाची. ती तारही जुलै २०१३ मध्ये आपल्या देशात बंद झाली. तिच्यासाठी कोणी रडल्याचे ऐकिवात नाही.

जमिनीवर वानरे, तर समुद्रात खडक आणि नांगर. १८५० साली इंग्लंड आणि फ्रान्स ह्यांच्यामध्ये समुद्रातून तार टाकण्यात आली. तांब्याच्या तारेवर गटापर्चा, म्हणजे मलायाकडील एका झाडाचा चीक, चढवलेला होता. बाकी काही नाही. ती एक दिवसही धड टिकली नाही. पुढल्याच वर्षी, १८५१ मध्ये, त्याच गाभ्यावर ताग गुंडाळून बाहेरून जाड लोखंडी तारांचे चिलखत चढवले, आणि ती तार वर्षानुवर्षे चालली. गाभा तोच. फरक एवढाच, की पहिली उघडी होती आणि दुसरी अंगरखा घालून समुद्रात उतरली होती.

अटलांटिक महासागराखालची १८५८ सालची तार अवघी तीन आठवडे बोलली आणि कायमची मुकी झाली. तिच्या मरणाची कारणे पंडितांनी पुष्कळ दिली. त्यांत एक असे, की तिचा काही भाग समुद्रात उतरण्यापूर्वी कारखान्याच्या आवारात उन्हात पडून होता. तिथे चीक मऊ झाला आणि तांब्याची तार मधून कडेला सरकली. समुद्रात बुडायची होती ती तार उन्हाने मारली!

आणि आपल्या देशाशी संबंध आलेली गोष्ट तर मोठी महागाची आहे. १८५७ सालच्या उठावाने इंग्रज सरकारला बातमीची किंमत कळली होती. ३१ जुलै १८५७ च्या रात्री आमच्या कोल्हापुरातही सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला होता. अशा वेळी लंडनला काही कळायचे म्हणजे कित्येक आठवडे जायचे. म्हणून १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत घाईघाईने तार टाकली. ती हलक्या बांध्याची होती, आणि तळाच्या उंचसखल खडकांवर ताणून टाकलेली. जागोजागी ती तुटली आणि सगळा मार्ग निकामी झाला. पण सरकारने भांडवलाची हमी देऊन ठेवलेली असल्यामुळे त्या मेलेल्या तारेपायी दरसाल ३६ हजार पौंड, असे पन्नास वर्षे भरावे लागले. पुढे १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अजस्र जहाजाने मुंबईहून एडनकडे भक्कम चिलखताची तार टाकली, तेव्हा मुंबई आणि लंडन ही शहरे समुद्रातून एकमेकांशी बोलू लागली. स्वस्तात घेतलेली केबल किती महाग पडते, ह्याचा एवढा चोख हिशेब दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता उजेडाकडे वळू. विजेऐवजी उजेडावर निरोप बसवावा ही कल्पना आजची नाही. टेलिफोन काढणाऱ्या ग्रॅहॅम बेलनेच १८८० साली सूर्याच्या किरणावर माणसाचा आवाज स्वार करून दोनशे मीटरांहून थोड्या दूरवर पोचवला. बेलला स्वतःला हा शोध टेलिफोनहूनही मोठा वाटे. पण आभाळ आले की आवाज बंद. धुके पडले, पाऊस आला की आवाज बंद. उजेड होता, त्याला वाट नव्हती आणि निवाराही नव्हता.

वाट असू शकते हे त्याआधीच दिसून आले होते. जिनीव्हाच्या कोलाडनने १८४१ च्या सुमारास आणि लंडनच्या टिंडलने १८५४ साली दाखवले, की पाण्याची धार वळून खाली पडते तेव्हा तिच्यात शिरलेला उजेडही तिच्याबरोबर वळतो. पुढे शंभर वर्षांनी, १९५४ साली, पंजाबात मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी ह्यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स ह्या आपल्या प्राध्यापकांबरोबर काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. ह्या शास्त्राचे 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केले तेही कपानींनीच. भारत सरकारने २०२१ साली त्यांना पद्मविभूषण दिले. पण ते आदल्या वर्षीच निवर्तले होते.

तरी काच फार उजेड खाई. त्या काळच्या काचेत वीस मीटर जाईतो उजेडाचा शंभरावा हिस्सा उरे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम ह्या दोघांनी सांगितले, की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. काच पुरती शुद्ध करा, म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर शंभरावा हिस्सा उरेल, आणि तेवढा बोलण्याला पुरे. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंगच्या कारखान्यात मॉरर, केक आणि शुल्ट्झ ह्या तिघांनी त्याहूनही चांगला तंतू काढून दाखवला. आजच्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड शिल्लक असतो. काओंना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि हे विलायती वैभव आपल्याकडे यायला फार काळ लागला नाही, हे वाचून मराठी वाचकाला बरे वाटेल. हिंदुस्थानातला दूरध्वनीचा पहिला प्रकाशतंतू १९७९ साली पुण्यात, शहरातल्या केंद्रांना जोडण्यासाठी बसला. पुढे वाळूजला तर हा तंतू तयारही होऊ लागला.

हा तंतू आहे तरी केवढा? काचेची जाडी मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्यातही उजेड चालतो तो गाभा एवढा बारीक, की मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मावून उरेल. असला नाजूक जीव शे-दीडशे फूट उंच मनोऱ्यावर, चैत्र-वैशाखाच्या उन्हात आणि आषाढाच्या पावसात वर्षानुवर्षे ठेवायचा. तेव्हा केबल निवडायची म्हणजे त्याचा अंगरखा निवडायचा.

हे मला शिकवले माझ्या भाच्याने. थोरल्या आक्काचा हा मुलगा. शिक्षणापायी आमच्याकडे उचगावला आला आणि पुढे मनोऱ्यांवर चढण्याच्या कामाला लागला. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण विद्यार्थी म्हणून मी वाईट नाही.

पूर्वी मनोऱ्याच्या पायथ्याशी सगळी यंत्रे असत आणि वरच्या अँटेनापर्यंत मनगटाएवढी जाड तांब्याची केबल जाई. चढता चढताच तिच्यात बरीच शक्ती वाया जाई. आता रेडिओचे यंत्रच वर अँटेनाजवळ टांगतात; खालून त्याला वीज जाते आणि निरोप उजेडावर बसून काचेतून जातो. केबल हलकी झाली, पण तिची उस्तवार वाढली.

"मामा," भाचा म्हणतो, "पैल्यांदा बघायचं, केबल घरातली हाय का भायेरची. घरातली पिवळी, मऊ, वळवाय सोपी. पर उनात ती दोन उन्हाळं काढत न्हाई. भायेरची काळी."

काळी का? तर तिच्या प्लॅस्टिकात शेकडा दोन-अडीच भाग काजळी घातलेली असते. सूर्याच्या उजेडातला जो डोळ्यांना न दिसणारा जहाल भाग, तो प्लॅस्टिकाला ठिसूळ करून तडकवतो. काजळी तो स्वतः पिऊन टाकते आणि आत जाऊ देत नाही. आपल्या आजीने दिव्यावर धरलेली काजळी, तिचीच ही कारखान्यातली बहीण!

दुसरे पाणी. वरचे कवच कुठे चिरले तरी पाणी केबलीच्या लांबीने आत धावू नये, म्हणून आत चिकट लोणी भरतात, किंवा पाणी लागताच फुगून वाट बुजवणारा धागा घालतात. शिवाय केबल पेटीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे अंगावरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकून जाते.

तिसरे उंदीर आणि खारी. त्यांच्यासाठी पोलादी पत्र्याचे किंवा काचधाग्याचे चिलखत. पण मनोऱ्यावर आकाशातली वीज पडते. धातू असला तर त्याला नीट जमीन दाखवावी लागते. ती खात्री नसेल तिथे धातू नसलेलीच केबल बरी. चौथा ताण. काचेला ताण सोसत नाही, म्हणून तिच्यासोबत केव्हलारच्या जातीचे चिवट धागे असतात. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक ह्या अमेरिकन बाईंनी लावलेल्या शोधातून हे धागे आले. केबल वर ओढायची ती ह्या धाग्यांना धरून, काचेला कधीच नाही. आणि वर गेल्यावर मीटरा-मीटरावर पट्टीने मनोऱ्याला बांधायची, आपल्याच वजनाने लोंबू द्यायची नाही. पाचवे वळण. ओढताना केबलीच्या जाडीच्या वीसपट आणि बसवल्यावर दहापट, ह्याहून आवळ वळण दिले की उजेड बाहेर सांडतो किंवा काच तडकते.

"आणि दर?" मी विचारले होते.

"दर शेवटी बघायचा, मामा. पर लोकं पैल्यांदा त्योच बघत्यात."

आता त्या किमतीविषयी सांगतो. ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि कित्येक दिवस बंद राहिला. आक्काचे सासर शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा ह्यांच्या बेचक्यात. पाणी चढू लागले तेव्हा सकाळी तिचा फोन झाला होता. "उंबऱ्याला पाणी लागलंय, म्हस सोडतो आणि निघतो," एवढे बोलली. त्यानंतर तिचा फोन लागेना. तिचाच काय, त्या गावातला एकही फोन लागेना.

दोन दिवस आणि दोन रात्री आमच्या घरात चूल नावापुरती पेटली. भाचा अंगणात उभा राहून फोन लावी आणि काही न बोलता आत येई. दिवसभर दुसऱ्यांचे फोन चालू करून देणारा हा मुलगा, आणि त्याला त्याच्याच आईचा आवाज ऐकू येत नव्हता. मी पानिपतच्या बातमीविषयी मुलांना कितीदा शिकवले होते. दहा दिवस हा आकडा मी फळ्यावर सहज लिहीत असे. त्या दोन रात्रींनंतर तो माझ्याच्याने सहज लिहवत नाही.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. बचावाच्या नावेतून निघून, हातोहात तीन गावे फिरून ती आमच्या दाराशी पोचली. दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवलेला वहीचा कागद. पिशवीचे तोंड सुतळीने आवळलेले. आत आक्काचे अक्षर : आम्ही सगळी शाळेच्या माडीवर आहोत, काळजी करू नये. कागदाला पाण्याचा टिपूसही लागला नव्हता.

पाणी ओसरल्यावर भाचा आपल्या लोकांबरोबर त्या गावच्या मनोऱ्यावर चढला. पुरात मनोरे बंद पडायला कारणे पुष्कळ असतात. वीज जाते, बॅटऱ्या उतरतात, डिझेल पोचत नाही. ह्या मनोऱ्याची यंत्रे मात्र उंच ओट्यावर होती आणि जनरेटरमध्ये तेल शिल्लक होते. वर चढलेली केबल पिवळी होती, घरातली. दोन उन्हाळ्यांत तिची कातडी तडकून भेगाळली होती. पावसाचे पाणी आतून वाहत जोडाच्या पेटीत साचले होते आणि काचेच्या तोंडाशी गढूळ थेंब बसला होता. उजेड खालून निघत होता आणि त्या थेंबापाशी संपत होता. ती कोणी घेतली, कोणी बसवली, हे इथे लिहून आता काही साधायचे नाही. मीटरामागे काही रुपये वाचले असतील.

भाच्याने त्या केबलीचा वीतभर तुकडा खिशात घालून आणला. आईच्या चिठ्ठीची पिशवी आणि हा तुकडा त्याने आमच्या देवळीत शेजारी शेजारी ठेवला. लाखो रुपयांच्या मनोऱ्याला जे सुचले नव्हते, ते सातवी शिकलेल्या आक्काला सुचले होते. चिठ्ठी लिहिण्याआधी तिने पिशवी शोधली होती.

तेव्हापासून भाचा एक नेम पाळतो. नव्या कामावर रीळ उतरले की तो आधी कवचावरची छापील अक्षरे वाचतो. केबल घरातली असली तर वर चढत नाही. त्यापायी एकदोनदा त्याचा रोज बुडाला आहे, बोलणीही खावी लागली आहेत. आक्काला हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बुडू दे. कुणाची तरी आई पलीकडं असतीया."

दिवाळीनंतर शाळा उघडली, की तो पिवळा तुकडा आणि काळ्या केबलीचा एक नवा तुकडा असे दोन्ही मी वर्गात नेणार आहे. ज्या पोराने प्रश्न विचारला, त्याच्या हातात ते देईन आणि कोणता उन्हात ठेवायचा हे त्यालाच ठरवू देईन. तोवर घरोघरी पणत्या लागतील. पणतीच्या वातीवर काजळी धरते, आपण ती पुसून टाकतो, किंवा बाळाच्या गालावर दृष्ट लागू नये म्हणून तिचा ठिपका लावतो. आमच्या मनोऱ्यावरच्या उजेडालाही तोच ठिपका लावलेला आहे. फक्त पायथ्यापासून शेंड्यापर्यंत.